नमुना

आज नको, म्हणाला वैद्यनाथन,
रविवारी भाजणार, चार दिवस विसावू दे.
गुरुवारी या.

मी पुढे केलेली पिशवी तशीच राहिली.
नेरुळच्या सेक्टर दहात,
झेरॉक्सवाला आणि होमिओपॅथ यांच्या मधे
दीड गाळ्याचं त्याचं दुकान.
बरणीत बिया होत्या की!
दिव्याखाली तकतकत होत्या.
नव्या गिऱ्हाइकाला वाटावं, काय ताजा माल!
मॅडम, तो घाम आहे, तो म्हणाला.
महिना झाला भाजून,
आतलं सगळं बाहेर यायला लागलंय.
ती बरणी जाते हॉटेलवाल्याकडे,
दूध-साखरेच्या भरवशावर.

एकतीस वर्षं मी तुर्भ्याला
रंगांच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर काढली.
परत जाणाऱ्या पिंपावर लाल शिक्का
मी मारायचे.
महिनाअखेरीला चौबळसाहेब खाली यायचे,
बाई, एवढं एक सोडा.
नाही सोडलं.
(दोनदा सोडलं. ती दोन पिंपं
बॅच नंबरासकट अजून पाठ आहेत.)
म्हणून कोणी आपलाच माल
आपल्याच हाताने मागे सारला
की माझी पाठ जरा ताठ होते.

गुरुवारी त्याने पाच बिया तळहातावर ठेवल्या.
एक दाताखाली धरा.
कट्कन तुटली पाहिजे. चिवट लागली तर
पैसे देऊ नका.
तुटली.
ही गोल बघा, म्हणाला. फळात दोघी असतात,
पोटाला पोट लावून, म्हणून सपाट.
कधी एकटीच वाढते,
मग तिला दाबायला कोणी नसतं.
म्हणून महाग?
नाही हो, घरंगळते छान,
सगळीकडून सारखी भाजते.
दळून देऊ?
नको. माझं मी दळेन.

घरी आले तेव्हा ओहोटी होती.
पामबीचकडून खाडीचा चिखल
सातव्या मजल्यापर्यंत येतो.
अशा वेळी मी वास घेत नाही.
खिडकी लावली, भरतीची वाट पाहिली,
आधी स्वतःची बाही हुंगली, नाक कोरं करायला,
मग पुडी उघडली.
भाजलेल्या पावाची कड. चिकूची साल.
आणि मागे काहीतरी,
ज्याला आमच्या रजिस्टरात
रकाना नव्हता.

बाजारात निवडलं तरी
घरी आणून निवडावंच लागतं.
आपल्या भाषेत दोन्हींना शब्द एकच,
आणि दुसऱ्याला चष्मा लागतो.
पांढऱ्या बशीत मूठ मूठ पसरली.
दोनशे ग्रॅममध्ये तीन निघाल्या.
एकीला किडीचं भोक, सुईच्या टोकाएवढं.
एक फुटकी.
तिसरी फिकट, शेंगदाण्यासारखी.
कच्ची तोडली असणार;
अशीला कितीही आच द्या,
ती रंग धरत नाही.
हे मला नको सांगायला कोणी.

यदुनाथ चहावाले.
चाळीस वर्षं एकच पुडा, एकच पातेलं.
चहाला कोणी विचारतं का, म्हणाले,
तू कुठल्या डोंगरावरची म्हणून?
हातचक्कीच्या घरघरीत
त्यांच्या बातम्या बुडाल्या.
पहिला कप बिघडला, पाणी फार उकळलं होतं.
दुसरा बरा.
त्यांनी चमचाभर चाखली.
करपलीय का?
नाही.
मग चांगली असेल.

प्रत्येक बॅचचा नमुना ठेवायचा असतो,
पास झालेल्याचा आणि नापासाचाही.
उद्या कोणी विचारलं तर
दाखवायला काहीतरी हवं.
आता कोणी विचारत नाही.
कारखान्याच्या जागी गोदाम आहे,
लाल शिक्का मी तिथेच ठेवून आले.

तरी त्या तिघी मी बाटलीत घातल्या,
होमिओपॅथीच्या, रिकाम्या.
चिठ्ठी चिकटवली: तारीख, वजन,
भाजणाऱ्याचं नाव.
शोकेसमध्ये आता अशा नऊ आहेत.
पुढच्या गुरुवारी ही घेऊन जाईन.
तक्रार म्हणून नाही.
बाटली उजेडात धरून
ती फिकट बी तो नीट बघेल,
आणि काही म्हणणार नाही.