पावणेतेरा

चॅटम बेटांवरचं घड्याळ
हिवाळ्यात ग्रिनिचच्या पुढे चालतं पावणेतेरा तास.
साडेबारा नाही, तेरा नाही.
पावणेतेरा.

वाइतांगीच्या धक्क्यावर, दुकानातल्या फ्रीझरच्या दाराला
भरती-ओहोटीचा तक्ता चिकटवलेला असतो,
आमच्या प्रोग्रामने काढलेला, फुकटचा, सगळ्यांचा.
कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं:
पाव तास वर धरा.

नऊ वर्षं धरत होते लोक.
कुलूप अडकलं की दार जरा उचलून धरावं, तसं.
तक्रार कोण करणार?
पाऊण तासवाला दुसरा देश नेपाळ,
आणि नेपाळला समुद्र नाही.

रोइमाता तिथे माशांच्या कारखान्यात
बर्फाचा हिशेब लिहिते.
तिने एका रात्री आमचं सगळं भांडार उतरवून घेतलं
(सॅटेलाइटची तार दोनदा तुटली, तिसऱ्यांदा पुरलं),
ब्रांच काढली, तिला भावाच्या बोटीचं नाव दिलं, केरेरू,
आणि एक ओळ बदलली.
पहिला कमिट: ‘दुरुस्ती’.
दुसरा: ‘दुरुस्तीची दुरुस्ती’.
तिसरा: ‘सॉरी, हे धरा’.

बर्गनहून आस्लाउगने पाहिलं.
चाळीस वर्षं बंदरात जहाजं आत आणलेली बाई,
तिच्या परवानगीशिवाय आमच्यात काही आत येत नाही.
तिने एवढंच विचारलं: टेस्ट कुठे आहे?
आणि खाली, थोड्या वेळाने:
तुमचं पाणी खरंच किती वाजता येतं?

म्हणून रोइमाता नऊ दिवस धक्क्यावर उभी राहिली,
वही, टॉर्च, वाऱ्याने उलटणारी पानं.
अठरा नोंदी.
त्यातली एक खोडलेली, शेजारी कारण:
‘सील पट्टीवर येऊन बसला’.
सतरा नोंदींची टेस्ट झाली.
तेवढ्यात वाल्दिव्हियाच्या कुणीतरी तीच फाईल हलवली,
दोन ओळी बाणांच्या कुंपणाआड
समोरासमोर उभ्या राहिल्या,
तिने त्यांना एकमेकींत बसवलं, कुणाचंही न मोडता.

मग मी ब्लेम चालवला.
कुतूहल म्हणून. दुसऱ्याचं नाव बघायला.

माझं होतं.

नऊ वर्षांपूर्वी मीच आलो होतो
साडेपाच तासांच्या देशातून,
माझा अर्धा तास बगलेत मारून.
तोवर प्रोग्रामला फक्त पूर्ण तास कळत होते.
मी साडे शिकवलं, आभार घेतले,
वाटलं, झालं आता जग पूर्ण.
आणि मी कोण?
आत्याने छडी हातात घेऊन
ज्याच्याकडून पाऊणकी घोकून घेतली, तो.
पाऊण चोक तीन म्हणता म्हणता मोठा झालेला.
निमकी लिहिली आणि थांबलो.

पुल रिक्वेस्टखाली मी कबुली टाकली.
रोइमाताने उत्तरात
बर्फात आडव्या निजलेल्या माशाचं चित्र पाठवलं.
त्याचा अर्थ मी अजून लावतोय.

मर्ज झालं मंगळवारी.
तिच्याकडे तेव्हा बुधवार होता.
माझी ओळ लाल होऊन खाली गेली,
पण गेली म्हणजे गेली नाही;
इतिहासात कुणीही खाली उतरून पाहावं,
ती तिथे तशीच आहे, तारीख, नाव, आत्मविश्वास.

नवा तक्ता लागला.
पहिल्याच सकाळी रोइमाताचा मामा राविरी
सवयीने पाव तास वर धरून निघाला,
धक्क्याशी पोचला तर पाणी मागे फिरलेलं.
कारखान्यात येऊन तिला म्हणाला,
इतकी वर्षं तुझं ते यंत्र बरोबर चुकत होतं,
आता कशाला हात लावलास?

तिने फ्रीझरवरची पेन्सिल खोडरबराने पुसली.
अक्षरं गेली, दाब राहिला.
फोटो पाठवलाय तिने: टॉर्चच्या तिरप्या उजेडात
‘पाव तास वर धरा’ अजून वाचता येतं,
आणि त्याच्या खाली, शाईने, तिच्या हातचं:

धरू नका.