उणे तीन

सुई मागे गेली.
मी नळ्या तपासल्या, सायकलच्या ट्यूबचं रबर, मेणाचे जोड,
कुठून हवा शिरत असेल म्हणून साबणाचा फेसही लावून पाहिला.
फेस गप्प.
सुई मागेच. उणे तीन.

मे महिना, पाटणबोरी, कॉलेजला सुट्टी.
दिवसा इथे काही मोजता येत नाही.
पत्रा फुगतो, दार फुगतं, खिळासुद्धा लांब होतो,
उन्हानं फुगण्यात काय मोठंसं.
म्हणून रात्री दोनला,
काचेची नळी रांजणात बुडवून,
पंखा बंद ठेवून, पदरानं मान पुसत
मी एका कोळशाकडे बघत बसलेली.

कोळसा बांबूचा, बोटाएवढा.
कौतिका मावशीनं ड्रमात भाजलेला, वरून चिखल लिंपून.
तिसऱ्या दिवशी झाकण काढलं आणि दोन तुकडे एकमेकांवर वाजवले,
"खणखणते पाय. पक्का हाये."
डायल गेज वणीच्या शब्बीर लेथवाल्याचा, उसना,
केसाच्या सत्तराव्या भागापर्यंत खरं बोलणारा.
स्टाफरूमचा फ्रीज मेला होता, त्याचा कॉम्प्रेसर जिवंत निघाला.
आणि गॅस मारोती देठेच्या गोटीसोड्याच्या सिलिंडरमधला.
"उरला तर वापस आणजा," म्हणाला तो. हसला नाही.

चिमटीभर कोळसा घ्या,
आत तीन-चार गुंठे जागा निघते.
सगळ्या भिंतीच. सातबाऱ्यावर न चढलेल्या,
धुऱ्यावरून कुणाचं भांडण नसलेल्या.
गल्ल्या इतक्या अरुंद की दोघं शेजारी चालू शकत नाहीत.
आधी तापवून, मग ओढून ओढून
मी त्या रिकाम्या केल्या,
आणि गॅस सोडला. थोडासा,
दाराच्या फटीतून मांजर शिरावं इतका.

मला वाटलं होतं, कुणी आलं की घर वाढतं.
घर आक्रसलं.
समोरासमोर दोन भिंती, मधे एकटाच जीव,
दोघींनी त्याला धरलं
आणि धरता धरता
त्याच एकमेकींकडे सरकल्या.
उणे एक.
उणे दोन.
तिसऱ्याला मी श्वास धरला, त्याचा सुईशी संबंध नव्हता.

अजून सोडला.
बराच वेळ काहीच नाही.
मग आत गर्दी झाली असावी, कोपरं लागू लागली असावीत,
भिंतींना रेटा बसला.
शून्य आलं, थांबलं नाही.
अधिक चार, अधिक नऊ.
उजाडेपर्यंत अधिक अठरा,
म्हणजे केसाचा पाव भाग.
एवढ्यासाठी मी रात्रभर जागी.

मावशी सकाळी पोती न्यायला आली तेव्हा तिला सांगितलं.
"त्यात काय व. उपाशी पोटात पयला घास गेला
का पोट आतच वढते. मंग फुगते."
मग माझ्याकडे न बघता,
"तुले कायचं ठावं असन. तू कवा उपाशी होती."
वहीत यासाठी रकाना नव्हता.

दुसऱ्या रात्री गॅस काढून घेतला.
सुई उतरली, नीट, आली त्याच वाटेनं जवळजवळ.
जवळजवळ, कारण शून्यावर टेकली नाही.
अधिक एकवर बसून राहिली.
वीज गेली, आली, मी पुन्हा ओढलं,
ती बसूनच.
आत कुणी राहून गेलं
की भिंतच नव्या जागी रुळली,
मला माहीत नाही. दोन्ही लिहून ठेवलं, पेन्सिलीनं.

डायल गेज फडक्यात गुंडाळून वणीला परत केला.
कोळसा मावशीनं मागून घेतला,
पांढरकवड्याच्या इस्त्रीवाल्याचं पोतं,
त्यात एक नग कमी नको.
टाकला तिनं वरच्यावर, माझ्यासमोर,
आणि पोतं एकदा हलवलं.

मी हात घालून शोधला.
कोणताही उचला,
वाजवा,
खणखणतो.