इस्तू

पोरानं पुण्याहून आणलं, मोज्यात गुंडाळून.
"बाबा, कुणाला दाखवू नका, बंदी आहे याला.
पण बिडी सुटते म्हणतात."
कोण म्हणतात, ते सांगितलं नाही.
निळं, अंगठ्याएवढं.
मोबाईलच्या वायरीला लावून ठेवायचं रातभर.

मी पूर्णेच्या शेडमधला फिटर.
चौऱ्याऐंशीला लागलो तेव्हा इंजिनं कोळसा खात होती,
राख उपसताना आमचे दातच तेवढे पांढरे.
पुढं डिझेल आलं. आता तारा आल्या,
गाड्या घसा न खाकरता निघून जातात.
इंजिनानं धूर सोडला
तेव्हा कुणी विचारलं नव्हतं त्याला, जमंल का म्हणून.

पहिला झुरका लागला जांभळाचा.
खोटा जांभूळ,
बियाही नाही, जिभेला रंगही नाही.
चंद्रकला स्वयंपाकघरातून म्हणली,
"पोरं आली की काय? पेपरमिटचा वास यायलाय."
तीस वर्षांत पहिल्यांदा
ती माझ्या उशाशी तोंड न फिरवता निजली.

दिवसाला बावीस होत्या.
महिन्यानं नऊ.
मग चार, त्यातली एक सकाळची,
तिच्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही.

सरकारी दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरनं
छातीला नळी लावून ऐकलं बराच वेळ,
जसं मी बॉयलरला कान लावायचो.
म्हणला, "बिडी कमी केली, बरं केलं.
आता हेही सोडा."
म्हणजे हे सोडवायला आणखी एक यंत्र आलं.

सोमवारी लाईट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही.
यंत्र मेलेलं.
मी कंदील हुडकायच्या निमित्तानं उठलो
आणि जुन्या शिट्टीच्या डबीत
एक थोटूक सापडलं, वाळून कडक झालेलं.
ओढलं.
खोटं कशाला बोलू.

खरी अडचण निराळीच आहे.
फलाट दोनच्या टोकाला, पाण्याच्या पडक्या टाकीखाली
अजीम बसतो, खलाशी होता माझ्यासंगं.
एवढ्या वर्षांत काडेपेटी कधी धड दोघांकडं नव्हती.
त्याची पेटलेली असली की मी वाकायचो,
माझी असली की तो,
कपाळाला कपाळ लागायचं.
साहेबांवरचं, पगारावरचं, त्याच्या मेलेल्या पोरीवरचं
सगळं बोलणं त्या वाकण्यातूनच सुरू झालं.

परवा तो म्हणला, "इस्तू दे रे खिल्लारे."
सवयीनं.
मी सवयीनंच हात पुढं केला.
"हे काय ओढायलास बे?"
म्हणत तोंडातल्या बिडीसकट वाकला.

मी झुरका घेतला, टोकाला निळा दिवा लागला.
यावर बिडी पेटत नसती,
त्यालाही कळलं, मला तर ठाऊकच होतं.
नांदेडची गाडी आली, थांबली, गेली.
तो वाकलेलाच होता अजून.