कॉलरीतली नावं

डिसेंबर. डांबर असं तापलंय
की बूट काढलेली पोरं मैदानात नाचत पळतात,
आणि माझ्या ऑफिसच्या काचेवर दुसरीच्या वर्गाने
कापसाचा बर्फ चिकटवलाय.
टिमारूत नाताळाला बर्फ कुणी पाहिला नाही,
मीही नाही, एकोणसाठ वर्षांत.

आगमनकाळाच्या मेणबत्त्या खिडकीशी होत्या,
त्यातली गुलाबी उन्हाने कमरेत वाकली.
बदलू का, विचारलं.
फादर रोडेलियो म्हणाले, राहू दे,
थकली असेल वाट बघून.

माझं काम घंटेचं, हजेरीचं,
ज्यांना उलटी झाली त्यांच्या आयांना फोन करायचं,
आणि वर्ष संपताना
हरवलेल्या वस्तूंचं टेबल मांडायचं.
डब्यांची तेरा झाकणं, डबा एकही नाही.
अंधारात चमकणारी प्लॅस्टिकची रोझरी.
रुमालात बांधलेला एक दात.
डाव्या पायाचा बूट
(म्हणजे कुणीतरी लंगडत घरी गेलं
आणि घरात कुणी विचारलं नाही).
संत अंतोनीचा पुतळा मी मधोमध ठेवते.
हे खातं त्याचं, त्याने सांभाळावं.
त्याचाही अंगठा कधीचा हरवलाय.

आज शेवटचा दिवस, पण मिस्सा नाही.
फादरना तीन गावं, त्यातल्या एकात दफन.
म्हणून हॉलमध्ये नुसती प्रार्थना,
आणि वाचायला नेमकी वंशावळ:
अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका,
पानभर माणसं, चमत्कार एकही नाही.
कुणालाच नको होती.
मलाकाई म्हणाला, मी वाचतो.

मलाकाई फुइमाओनो, सहावी.
त्याची जीभ अडते ती 'म'वर,
म्हणजे स्वतःच्या नावाच्या उंबऱ्यावरच.
डेर्व्लाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

मांडीवर बोटाने ताल धरून
त्याने राजे ओलांडले, मनश्शे ओलांडला,
हद्दपारी ओलांडली, मत्तानपाशी घाम पुसला,
सुतारापर्यंत आला.
आणि मग त्याच्या बायकोचं नाव.

म.
म.

दोनशे पोरं, आणि खुर्ची करकरली नाही.
मागच्या रांगेत पहाटे तीनला धारा काढून आलेले बाप,
तेही जागे.
एडमंड गेल्यापासून मी प्रार्थनेत
ओठ हलवते, आवाज देत नाही.
तेव्हा माझ्या लक्षात आलं,
माझेही ओठ घट्ट मिटलेत,
'म' म्हणायला मिटावे लागतात तसे.

किती वेळ गेला, सांगता येत नाही.
मग ते नाव आलं,
जरा मोठ्यानेच,
जसं दार ढकलावं आणि ते आधीच उघडं असावं.

दुपारी तो टेबलापाशी आला, बूट उचलला.
हा माझा.
आणि इतके दिवस?
दोन्ही पायांत उजवे घालत होतो, मिस.
दुसरा उजवा कुणाचा?
भावाचा.
आणि भाऊ?
त्याने खांदे उडवले.

शेवटी उरला एक स्वेटर,
निळा, कोपराला चुकीच्या रंगाचं रफू.
कॉलरीतल्या पट्टीवर नावं,
एकाखाली एक, प्रत्येक खोडलेलं:
ब्रोना डेव्हिट. टी. पारातेने.
आयरीन कुरियन, आईच्या नर्सच्या अक्षरात.
शेवटचं धुऊन पुसट झालंय, वाचता येत नाही.
नात्यातलं कुणी कुणाचं नाही.
डेव्हिटांनी शाळेच्या पेटीत टाकला,
पारातेने बाईंनी उचलला, आणि असंच पुढे.

नियम आहे, उरलेलं गोणीत भरून
दानाच्या दुकानात पाठवायचं.
झाकणं भरली. रोझरी भरली. दात ठेवून घेतला,
दात दुकानात चालत नाही.
स्वेटरची घडी करून खालच्या खणात सारला.
मे महिन्यात कुणीतरी कुडकुडत येईलच.

तोवर तीन वाजून गेलेले.
घंटा द्यायची राहिली,
पोरं न विचारताच पळाली होती.
तरी दिली.
डांबरावरचे दोन सीगल
जरा बाजूला सरकले, एवढंच.