हवा बरी आहे

उदगीरला पतसंस्थेच्या वरच्या हॉलात
मुजीब सर महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतात.
पडदा म्हणजे डबलबेडची चादर, इस्त्री केलेली.
यावेळी जपानी होता, काळा-पांढरा,
साधारण अण्णांच्या वयाचा.

अण्णा आले कारण घरी लाइट नव्हती.
अर्ध्या तासानं माझ्या कानाशी म्हणाले,
"सुरू कव्हा होतंय?"
म्हटलं, सुरू आहे.

एक बाप पेपर पसरून पायाची नखं कापत होता.
आतून मुलगी काही विचारायची,
तो हं म्हणायचा.
कॅमेरा जमिनीवर मांडी घातलेला,
ताटावर बसलेल्या माणसाएवढाच उंच.
कुणी उठून आत गेलं
तरी हा आपला बसूनच.
रिकामा बोळ बघत राहायचा, किटली,
भिंतीला टेकवलेल्या दोन छत्र्या.

मुजीब सर आधी मराठीत सांगत होते,
"हवा बरी आहे म्हणतोय."
"तीपण म्हणतेय, हवा बरी आहे."
मग गप्प झाले.
कुणी विचारलंही नाही.

मुलगी कधी निघाली ते दाखवलंच नाही.
आत्ता होती,
आणि मग नुसतं घडी घातलेलं अंथरूण.
अण्णा खुर्चीत पुढं सरकले.
"गेली," म्हणाले, मोठ्यानं,
गावात बातमी द्यावी तसे.
मागून एकजण हसला.

शिवकन्या गुरुवारी गेली,
पुण्याला, लॅबमध्ये नोकरी,
नऊच्या ट्रॅव्हल्सनं.
अण्णा म्हणाले, "टँकर उद्या का परवा?"
"परवा."
"टाकीचं झाकण बसंना झालंय."
"वीट ठेवा त्याच्यावर."
"ऊन लै हाय अवंदा."
"हो ना."
चटणीचा डबा गळतो म्हणून पिशवीत,
ती पिशवी आणखी एका पिशवीत.

मी दारात उभा होतो, घड्याळ बघत,
कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून.
मग तिथंच खाली बसलो, फरशीवर.
खालून दिसलं,
अण्णा पिशवीची गाठ सोडत होते,
पुन्हा बांधत होते,
पुन्हा सोडत होते.
आणि शिवकन्या
त्यांच्या हाताकडं न बघता
केस विंचरत होती, विंचरलेलेच.

स्टँडवरून परत येताना
अण्णांनी विचारलं, "वीट ठेवली का रे?"
ठेवली, म्हणालो.
ठेवली नव्हती.

रात्री गच्चीवर जाऊन पाहिलं,
झाकणावर वीट होती,
आणि ती हलू नये म्हणून
तिच्याखाली घडी घालून
जुना ओढणीचा तुकडा.