खडूची रेघ

रविवारी सकाळी, दव सुकायच्या आत,
पारामारिबोच्या मैदानात खांब रोवले जातात.
खांबावर पिंजरा, पिंजऱ्याशेजारी फळा,
फळ्याशी मी.
पंधरा मिनिटं. एक शीळ, एक रेघ.
बावीस वर्षं हेच चाललंय.

नवखे विचारतात, फरक काय दोघांत?
पिकोलेतचं डोकं काळं, पोट भाजल्या विटेचं,
आणि घाई अशी की
एक तान जमिनीला टेकत नाही तोच दुसरी.
खडू झिजतो त्याच्यापायी.

त्वात्वा सबंध काळा,
पंखावर चुन्याचं बोट पुसल्यागत ठिपका.
चोच म्हणजे अडकित्ता.
तो थांबतो.
ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवतो, मग एकच म्हणतो, जाडसर,
आणि पुन्हा गप्प.
मोपेडच्या भावात विकला जातो.

माद्या दोघांच्याही तपकिरी.
त्यांना कोणी खांबावर चढवत नाही.
त्यांच्यातला फरक मलाही
चोच निरखल्याशिवाय सांगता यायचा नाही.

नगादिमानकडे दोन्ही होते.
नदीपलीकडून, उंच पुलावरून यायचा,
सायकलच्या दोन मुठींना दोन पिंजरे.
वेगळे ठेव रे, मी म्हणायचो,
पिल्लू कान उघडे ठेवून वाढतं.
तो म्हणायचा, दीड खोलीचं घर माझं,
भिंत कुठे घालू?

मोठ्या पावसात त्याचा त्वात्वा गेला.

नंतरच्या रविवारी पिकोलेत एकटाच आला.
एकशे चार रेघा झाल्या, अकरा मिनिटांत.
मग तो थांबला.
पिकोलेत असा थांबत नाही.
आणि त्या चिमुकल्या चोचीतून
ती संथ, जाडसर ओळ आली,
पातेल्यातलं चमच्यानं वाढावं
तशी, थोडी थोडी.

"हे धरायचं नाही!" रामखेलावन ओरडला.
बरोबरच होतं त्याचं. परकी शीळ बाद.
खडू फळ्यापासून बोटभर अंतरावर.
नगादिमान ना माझ्याकडे बघत होता ना फळ्याकडे.
झाडाला टेकलेली सायकल,
तिच्या डाव्या मुठीला
पिंजरा झाकायचं फडकं अजून बांधलेलं.

उरलेली चार मिनिटं पक्षी तेवढंच म्हणत राहिला.

निकालात एकशे चार.
मीच लिहिले, मीच सही केली.
घरी शर्ट काढताना बाहीवर
पांढऱ्या रेघा दिसल्या, सात की आठ,
कधी ओढल्या कोण जाणे.
बायको म्हणाली, धुवायला टाक.
टाकेन.