लाल बाहीचं एकवीस

आधी अंगठी काढ, विल्नेर.
खिशात नको, त्या खिळ्याला अडकव,
माझी लटकते आहे तिच्या शेजारी.
माझी तर पुन्हा घालायची राहूनच गेली,
ते सोड.

एक डिसेंबर जवळ आला
की अख्खं शिकुतिमी एकदम जागं होतं,
डिकीत हिवाळी टायर कोंबून
आपल्या दारात रांग लावतं.
सगळ्यांना आजच हवं. जेवणाच्या आत.
लागू दे रांग.

हा खण उघड.
काळी, जाड भिंतीची, ती बंदुकीची सॉकेटं.
ट्रकला चालतात, लोखंडी रिमला चालतात,
पण अलॉयच्या या अरुंद विहिरीत
ती कडेला घासतच उतरतात,
आणि चाक ओरडत नाही रे,
हीच तर पंचाईत.
दिसतं ते नंतर. धुतल्यावर, उन्हात,
गिऱ्हाईक घरी पोचल्यावर.

म्हणून ही घे, पातळ अंगाची,
वरून प्लास्टिकची बाही.
निळी सतराला, पिवळी एकोणिसाला, लाल एकविसाला.
बाही सुटी फिरते का बघ.
आत सॉकेटनं गरगरायचं,
बाहीनं रिमला टेकून गप्प उभं राहायचं.
चिरली असेल तर फेक. चिरलेल्या बाहीत
रस्त्यावरच्या वाळूचा एक कण अडकला
की ती बाही नाही, कानस.

बारा कोपऱ्यांचं ठेव खाली. सहाचं.
नटाला कोपऱ्यात नाही गाठायचं,
सपाट अंगावर धरायचं.
आणि हे क्रोमची टोपी घातलेले नट,
मीठ खाऊन फुगतात.
एकवीसचं जात नाही, बावीसचं खुळखुळतं.
त्यांच्यासाठी साडेएकवीसचं आहे,
फडक्यात गुंडाळलेलं.
हातोडीनं ठोकून एकवीसचं बसवलंस
तर मला सांगूही नकोस, सरळ घरी जा.

माझ्या बापाच्या वेळी बाह्या नव्हत्या.
तो सॉकेटला कापडी चिकटपट्टी गुंडाळायचा,
तीन वेढे, दर सकाळी नवे,
बोट दुखावल्यासारखे.

वर बघ, कॅलेंडरशेजारी टांगलेलं चाक.
डॉक्टर बर्जेराँचं.
मी एकोणीस वर्षांची, जाँकियेरला नाचायला जायची घाई,
काळं सॉकेट, बंदूक,
पाच नट, पाच चरे.
बाप काही बोलला नाही.
डॉक्टरला नवीन चाक मागवून दिलं,
जुनं इथे टांगलं,
आणि दर शुक्रवारी माझ्या पाकिटातून
वीस डॉलर कापले, बर्फ वितळेपर्यंत.

बोट फिरव त्यावर. फिरव ना.
नखाला अडकलं तर चरा,
नाही अडकलं तर नुसता डाग.
तू तिकडे गोनाइव्हला म्हणे
सायकलची वाकडी चाकं सरळ करायचास,
मग नखाचं तुला मी काय सांगणार.

तो गेला त्या आठवड्यात
मी ते चाक उतरवून पॉलिशला घेतलं होतं.
अर्ध्यावर थांबले.
म्हणून एका बाजूनं चमकतं.

बंदूक फक्त सैल करायला.
आवळायचं हातानं, समोरासमोरचे नट, आळीपाळीनं,
टॉर्क पाना टक्‌ म्हणाला की थांबायचं.
दुसरी टक्‌ ऐकायची हौस नको.
आणि प्रत्येकाला सांग,
शंभर किलोमीटर झाले की परत या,
पुन्हा एकदा आवळून देऊ, फुकट.
कुणी येत नाही.
तरी सांगायचं.

चल, मादाम जोस्लीनची गाडी आत घे.
नाही, खणाला हात लावू नकोस अजून.
अंगठी.
ती तिकडे, तू इकडे,
म्हणून निघत नाही ना बोटातून?

साबण नळापाशी आहे.